सांगून ठेवलेलं बरं

शुक्रवार, रात्री

“असंल की वो खोटं, पण सांगून ठिवलेलं बरं न्हाई का? लेकरं लहान हायती.” रिक्षावाले मामा एवढंच बोलले आणि सात रस्त्यावरून वळले. दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

क्लिप तीच होती, मी ऍडमिन असलेल्या आमच्या सोलापूरच्या ग्रुपवरून काल रात्री मी उडवलेली. बाईचा रडवेला आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न, आपल्या भागात पोरं पळवणारी टोळी आलीय, गोसाव्याच्या वेशात फिरतेय, सगळ्यांना पाठवा. मामांना ती मेहुण्याकडून आलेली. मामांच्या रिक्षात रोज शाळेची पोरं असतात, म्हणून त्यांनी ती सगळ्या पोरांच्या आयांना पाठवली. मी म्हटलं, मामा, हे खोटं आहे, पोरगं कुठलं, गाव कुठलं, तारीख कुठली, काहीच नाही यात. त्यावर ते वरचं उत्तर. चिडून नाही. उलट मलाच धीर दिल्यासारखं.

काल बारा वाजेपर्यंत मी याच क्लिपच्या मागे बसले होते. आधी हिंदीतली आली, मग मराठीत कुणीतरी लिहून काढलेली. तिसरी तेलुगूत होती, ती मला कळेना. मग पूर्व भागातल्या मैत्रिणीला झोपेतून उठवून ऐकवली. तिने “तेच आहे गं, काढून टाक” म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्या गावात हे काम चार भाषांत करावं लागतं. शब्दांची यादी लावून ठेवली की शिव्या आपोआप अडतात म्हणतात. अडतात, पण मराठीतल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली कन्नड शिवी सुखरूप जाते, आणि तेलुगूतला एखादा निरुपद्रवी शब्द अडकून बसतो. मग ते माणूस मला विचारतं, माझं काय चुकलं?

एवढं सगळं करून ती क्लिप माझ्या आधी मामांच्या मोबाइलवर पोचलेली. मी एक दार लावलं, ती दुसऱ्या दाराने सगळ्या गल्लीत फिरून आली. मग मी काल कुणासाठी जागले? दुपारी घरी येऊन जेवण गेलं नाही. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, तुला पगार आहे का त्याचा? भावजींचं नेहमीचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की ग्रुपमधल्या कुणी काही टाकलं म्हणून केवळ ऍडमिन आहे एवढ्यावर ऍडमिनला जबाबदार धरता येत नाही, मग तुला कसली भीती? भीती नाही हो भावजी. पकडतील म्हणून मी करत नाही. हे त्यांना कधी समजावून सांगता आलं नाही, आजही आलं नाही. दुपारभर वाटत होतं, सोडून द्यावं. एक बटण दाबायचं आणि संध्याकाळी निवांत गच्चीत जाऊन बसायचं.

पण ‘गोसाव्याच्या वेशात’ हे शब्द ऐकले की मला बसवत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारे म्हणून लोकांनी पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत फिरणारे. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तेव्हा मी ग्रुपवर नुसती वाचणारी होते. मंगळवेढ्याची ज्वारी आमच्या घरात येते, तिथली माणसं येतात-जातात. दारात येणाऱ्या गोसाव्याला आईने कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवरचे दोघं पोराला उचलून नेतात तो. मुळात तो कराचीतल्या एका संस्थेने आईबापांनी सावध राहावं म्हणून बनवलेला. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला पाठवला. बनवला तोही मुलांच्या काळजीने, आणि पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनातही काळजीच होती. मामांच्याही.

हेच मला छळतंय. शिवी देणाऱ्याची कमेंट उडवताना माझा हात थरथरत नाही. विमानतळासाठी २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा ग्रुपवर ऊसवाले एकीकडे आणि विमानवाले एकीकडे, घरादारावर गेले होते लोक. तेव्हाही झोप लागत होती मला. भांडणाला दोन बाजू असतात, मध्ये उभं राहता येतं. पण लेकरांच्या मायेपोटी पाठवलेली खोटी गोष्ट मी उडवते, तेव्हा समोरच्याला दिसतं ते एवढंच की या बाईने माझी माया कचऱ्यात टाकली. ग्रुपवरच्या एका काकांनी तेच लिहिलंय. “ताई, लेकराबाळांच्या भल्याचं टाकलं तरी तुम्ही उडवता, मग ग्रुप कशाला पाहिजे?” काका, ज्यांनी मिलच्या भोंग्याबद्दल इतकं सुंदर लिहिलं होतं. त्यांचा नातू पुण्यात, महिनोन्महिने दिसत नाही. त्यांची क्लिप मी उडवली, आणि उद्या पुन्हा आली तर पुन्हा उडवीन. तरी दुपारपासून त्यांना उत्तर लिहिता येत नव्हतं.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, आठवण झाली. जानेवारीत होम मैदानावर गर्दी इतकी असते की दर वर्षी कुणाचं ना कुणाचं पोरगं हात सोडून जातं. त्या पोस्ट आम्ही अडवत नाही, रात्री-अपरात्री लगेच सोडतो. त्यात पोराचं नाव, अंगावरचे कपडे, कुठे चुकलं, किती वाजता, बापाचा नंबर, पोलीस चौकी, सगळं असतं. सोडण्याआधी त्या नंबरावर फोन करायचा. पोरगं सापडलं की पोस्ट काढायची, नाहीतर तो फोटो पुढची कित्येक वर्षं हरवलेलाच फिरत राहतो. तिथे पाठवणारे हात हेच असतात. मामांसारखे, काकांसारखे. पाठवायची ओढ तीच, आणि तिच्यामुळे पोरं सापडतातही. ही ओढ मारून टाकून मला चालणार नाही, ती गेली तर ग्रुपवर नुसत्या जाहिराती उरतील.

मग मामांचं वाक्य मला एवढं का लागलं? मी हरले म्हणून नाही. ते बरोबर बोलले म्हणून. सांगून ठेवलेलं बरंच असतं. काय सांगून ठेवायचं एवढाच आमच्यात फरक आहे, आणि तो फरक दुपारी रिक्षात, सिग्नल सुटायच्या आत सांगणं मला जमणारं नव्हतं. कुणालाच जमलं नसतं. आता जरा शांत वाटतंय.

संध्याकाळी काकांना लिहिलं. क्लिप का काढली ते दोन ओळीत. मग लिहिलं की मुलांसाठी काही पाठवायचंच असेल तर हे पाठवा: संकटातल्या मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, शाळेतून कोण न्यायला येणार ते पोराला आधी सांगून ठेवा, अनोळखी माणूस दिसला तर हात उचलू नका, चौकीला फोन करा. काकांनी वाचलंय, उत्तर नाही. राईनपाड्याचं लिहिलं होतं, ते पुसलं. त्यांना दोषी वाटायला नको. आईबद्दलही एक ओळ लिहिली होती, तीही पुसली. तोच मजकूर मामांनाही पाठवायचाय. त्यांचा नंबर शेजारच्या वैनींकडे असेल, त्यांचा धाकटा त्याच रिक्षात जातो.

आत्ता पेंडिंगमध्ये एक पोस्ट आलीय, सिव्हिलमध्ये बी निगेटिव्ह रक्त पाहिजे. नंबर लावला. पेशंटचा भाऊ आहे, वॉर्ड सांगितला, रक्तपेढीने काय सांगितलं तेही नीट सांगितलं. सोडली. वर वेळ लिहिली, आणि रक्त मिळाल्यावर मला लगेच कळवा असं त्याला बजावलं. मागच्या वेळी गरज संपल्यावरही त्या पेशंटच्या घरच्यांना आठवडाभर फोन येत होते, बार्शीहून, अक्कलकोटहून, एक तर थेट विजापूरहून.