लगीनसराईतला फ्लॅश: नवरीची खोली, अंतरपाट आणि पंखे

यंदा तुळशीच्या लग्नानंतर आमच्या नात्यात लग्नांची रांगच लागली. म्हणून मी ठरवलं, या सीझनला लाइटचे स्टँड नाहीत, प्रकाश मऊ करणारी छत्री नाही. कॅमेऱ्यावर बसवलेला एक फ्लॅश आणि ३५ व ८५ मिमीच्या दोन प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स, बस्स. पाहुणी म्हणून गेल्यावर स्टँड उभे करूही नयेत, ती जागा लग्नाच्या फोटोग्राफरची. पण मूळ कारण वेगळं होतं. फ्लॅश कॅमेऱ्यावर असला तरी प्रकाश तिथूनच आला पाहिजे असं काही नाही, हे मला हाताने पक्कं करून घ्यायचं होतं. आता कार्यालयात शिरले की माझी नजर आधी भिंतींवर जाते: पांढरी कुठली, किती लांब, आणि नवरी तिच्याकडे तोंड करून बसेल का.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते नवरीच्या खोलीत. सातारा भागातलं साधं कार्यालय, दहा बाय बाराची खोली, फिक्या क्रीम रंगाच्या भिंती, वर एक ट्यूब. आमची पुतणी नऊवारी नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मावशी मुंडावळ्या बांधत होती. फ्लॅशचं डोकं मी छताकडे न ठेवता डावीकडच्या भिंतीकडे, किंचित मागे वळवलं. छतावरून टाकला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, आणि काजळ घातलेल्या डोळ्यांना तो फार मारक. भिंतीवरून आलेला प्रकाश खिडकीतून यावा तसा येतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १/१०० सेकंद, फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे पॉवर हाताने ठरवून, पूर्ण ताकदीच्या १/८. तिला म्हटलं, "बाळा, मान जरा भिंतीकडे कर." मान वळली आणि कॅमेऱ्याच्या बाजूचा गाल सावलीत गेला, चेहऱ्याला उठाव आला. नथीच्या प्रत्येक मोत्यावर भिंतीची एक मऊ, रुंद चमक उमटली. मुंडावळ्यांच्या लोंबत्या सरांची सावली गालावर पडली, पण कडा विरघळलेल्या. थेट फ्लॅशमध्ये नथीवर टाचणीएवढा पांढरा ठिपका येतो आणि बाकीचे मोती मेल्यासारखे दिसतात. भिंतीचा दोनेक मीटरचा उजळलेला तुकडा हाच इथे खरा दिवा असतो, फ्लॅश फक्त तो पेटवतो.

यात काळ्या फोम शीटचा वाटा मोठा आहे. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी मिळते तीच, साधारण १५ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा, केसांच्या रबराने फ्लॅशच्या डोक्याला बांधलेला. नवरीकडच्या बाजूला ही शीट असली की थेट किरण तिच्यावर पडत नाही, फक्त भिंतीवरचा परावर्तित प्रकाश पोहोचतो. शेजारी बसलेल्या आजींच्या डोळ्यांत लखलखाट होत नाही, हा फायदा मला तितकाच मोलाचा वाटतो.

हॉलमध्ये गेलं की गणित बदलतं. छत वीस फुटांवर, त्यातून प्रकाश वर जाणार, पसरणार आणि मग खाली येणार. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). शिवाय छतही थोडा गिळतं. फुल पॉवर मारून भरपाई केली तर चार पेन्सिल सेलचा फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला तीन-चार सेकंद घेतो आणि लागोपाठ मारला तर तापून बंद पडतो. त्यापेक्षा आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा आणि फ्लॅश १/२च्या वर नेऊ नये. आयएसओ ४०० वरून १६०० केला की त्याच पॉवरमध्ये फ्लॅशची पोच दुप्पट होते. शटर मी १/१०० वरच ठेवते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० ला फोटोत उजेड-अंधाराचे पट्टे येत नाहीत.

पंख्यांबद्दल मात्र कुठे वाचलं नव्हतं. लांब दांड्यांचे पंखे जोरात फिरत असतात, आणि आपण खालून छताकडे फ्लॅश मारतो. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. त्या क्षणी पातं नेमकं फ्लॅशच्या आणि छताच्या मध्ये आलं तर फ्रेम एकदम काळवंडते, पुढची पुन्हा बरोबर. सेटिंग तेच असून एक्स्पोजर नाचत असेल तर आधी वर बघा आणि दोन पावलं सरका.

स्टेजजवळ गेले तेव्हा त्या दिवशीच्या फोटोग्राफरना आधीच विचारलं, "दादा, तुमचे लाइट रेडिओवर आहेत की स्लेव्हवर?"

"स्लेव्हवर आहेत ताई, दुसरा फ्लॅश दिसला की आपोआप उडतात. तुमचा उडाला की माझेही उडणार."

आणि माझा टीटीएलवर, म्हणजे पॉवर कॅमेराच ठरवतो त्या मोडवर, असता तर अजून वाईट. टीटीएल मोजमापासाठी खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक फ्लॅश मारतं. साधा स्लेव्ह त्यालाच फसतो आणि मोठे लाइट वेळेआधी रिकामे होतात. त्यांच्या बॅगेत रेडिओ ट्रिगर होते, त्यांनी स्लेव्ह बंद करून ते लावले. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्याच्या लग्नाच्या कामात आपला छंद आड येऊ नये, एवढं विचारणं प्रत्येकाने करावंच.

आता या सीझनची माझी सगळ्यात आवडती गोष्ट: अंतरपाट. नवरीच्या तोंडासमोर दोन फुटांवर धरलेलं पांढरं कापड! मधे कुंकवाचं स्वस्तिक असतं, त्याने काही बिघडत नाही. नवरीच्या बाजूने तिरकं उभं राहून फ्लॅशचं डोकं अंतरपाटाकडे केलं, फोम शीट तिच्या बाजूला, पॉवर फक्त १/३२. हातातला हार, खाली वळलेल्या पापण्या, मागे उभा मामा थोडा अंधारात. इतका मऊ प्रकाश मला दुसरीकडे कुठेच मिळाला नाही. पण "तदेव लग्नम्" सुरू झालं की घाई करावी लागते, कारण क्षणभरात ते कापड बाजूला होणार. त्याआधी डोकं छताकडे वळवायचं आणि पॉवर १/३२ वरून १/२, म्हणजे चार स्टॉप वाढवायची. १/२ ला सेकंद-दोन सेकंद थांबावं लागतं, म्हणून पहिली नजरानजर की पहिला हार हे आधीच ठरवून ठेवावं. मी नजर घेते.

अक्षतांसाठी पॉवर जितकी कमी तितकं बरं, कारण मॅन्युअलवर पॉवर उतरवली की लखलखाटही आखूड होतो आणि तांदळाचा दाणा हवेत थांबतो. हॉलचा उजेड फोटोत दीड-दोन स्टॉप खाली ठेवला तर दाण्यांमागे हलल्याच्या शेपट्या दिसत नाहीत.

हळद आमच्याकडे दारातल्या मांडवात होते, पिवळ्या-लाल कापडाखाली. तिथे वर फ्लॅश मारायचाच नाही. चेहऱ्यावर आधीच हळद, त्यात कापडाचा पिवळा उतरला की हळद कुठली आणि कातडी कुठली ते कळत नाही. घराच्या चुना लावलेल्या भिंतीकडे वळवला आणि ओल्या हळदीची चमक स्वच्छ आली.

आहेराच्या रांगेला मात्र मॅन्युअलच. जागा तीच, अंतर तेच, माणसं बदलतात. टीटीएल पांढऱ्या शेरवानीला फ्रेम काळवंडवतं आणि काळ्या कोटाला चेहरे उडवतं. स्टेजवर पिवळे फोकस असतील तर फ्लॅशला अर्ध्या ताकदीचं नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावते आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग, ३८०० केल्व्हिनच्या आसपास ठेवते, नाहीतर मागचं सगळं शेंदरी दिसतं.

पुढचं लग्न लॉनवर आहे, गोरज मुहूर्ताचं. तिथे भिंत नाही, छत नाही. अंतरपाट असेल, पण बाकी विधींना काय? भाच्याच्या हातात पाच फुटी पांढरा रिफ्लेक्टर देऊन त्यावर फ्लॅश मारायचा आणि उजेड असेपर्यंत थेट फ्लॅश उणे दोन स्टॉपवर नुसता भर म्हणून वापरायचा, असा बेत आहे. लॉनवर कुणी फक्त कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने सप्तपदी टिपली असेल तर सेटिंगसकट सांगा, मला ती आधी घरच्या अंगणात करून बघायची आहे.