अळी केवढी झाली ते आधी बघा: नागपूरच्या परसबागेतली हिवाळी नोंद

मंडळी, यंदाच्या हिवाळी भाज्यांचा हिशेब मांडतोय. जागा नेहमीचीच, घरामागची साधारण चारशे चौरस फूट काळी माती. कोबी, फुलकोबी, टोमॅटो, वांगी, कडेला मेथी-सांबार (कोथिंबीर) आणि कोपऱ्यात एक लिंबू. रासायनिक कीटकनाशक अजिबात वापरायचं नाही, एवढं एकच बंधन ठेवलं होतं. बाकी बीटी (अळ्या मारणारा जिवाणू), ट्रायकोकार्ड (मित्रकीटकांचं कार्ड), विषाणू, निंबोळी असं मिळेल ते वापरून बघितलं. काय कुठे लागू पडलं ते खाली आहे. सगळ्यांत जास्त कोबीबद्दल लिहिलंय, कारण यंदा खरी परीक्षा तिथेच झाली.

पोळा ते दसरा

या काळात मी काहीच केलं नाही, पण बघायला खूप मिळालं. बांधाला हौसेने लावलेल्या सोयाबीनवर तंबाखूवरच्या पानं खाणाऱ्या अळीने, म्हणजे स्पोडोप्टेराने, अंडी घातली होती. हिचा अंडीपुंज केसाळ आवरणाखाली असतो आणि त्यातून निघालेली पिल्लं सुरुवातीला एकाच पानावर गर्दीने राहून त्याची जाळी करतात. ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकलं की शेकडो अळ्या एका झटक्यात जातात. ही वेळ हुकली आणि अळ्या पांगल्या की मग कुठलंही जैविक औषध त्यांच्यामागे धावतच राहतं.

पांगलेल्यांचा बंदोबस्त मात्र पावसाने केला. झड लागल्यावर काही अळ्या पानाला चिकटून कडक झालेल्या दिसल्या, आधी पांढऱ्या आणि मग फिक्या हिरव्या. ही मेटाऱ्हायझियम रायली नावाची बुरशी. जुन्या पुस्तकांत ती नोमुरिया रायली या नावाने सापडेल. दमट हवेत ती आपसूक पसरते आणि विदर्भातल्या सोयाबीनवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात हमखास दिसते. अशा अळ्या उपटून टाकू नका. त्यांच्या अंगावरची हिरवी पूड म्हणजे पुढच्या अळ्यांसाठीचं बियाणंच आहे. ऑक्टोबरचं ऊन तापलं की हा खेळ संपतो.

दसऱ्यानंतर: कोबी

कोबीचा खरा वैरी चौकोनी ठिपक्यांचा पतंग. अळी लहानखुरी, फिकी हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून खाली लोंबकळते. ही खूण पक्की आहे, दुसरी कुठली अळी इतका तमाशा करत नाही. पान खालून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. खिडक्या दिसल्या म्हणजे अळ्या लहान आहेत आणि बीटीची वेळ हीच. आरपार भोकं दिसायला लागली तर तुम्ही थोडे उशिरा पोचलात.

रोपं लावायच्या पंधरवडाभर आधी वाफ्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी पेरली होती. या पतंगाला कोबीपेक्षा मोहरीवर अंडी घालायला जास्त आवडतं, म्हणून शेतकरी कोबीच्या ओळींमध्ये ती सापळा पीक म्हणून लावतात. चारशे फुटांत तिचा उपयोग होईल का, अशी शंका होती. झाला. पहिल्या खिडक्या मोहरीवर आल्या आणि कोबीवर अळी येण्याआधीच मला खबर लागली. फक्त मोहरीकडे लक्ष ठेवावं लागतं. तीच सोडून दिली तर ती सापळा न राहता अळ्यांची नर्सरी होते.

मग बीटी. नागपुरात बीटी म्हटलं की लोकांना कपाशीचं बियाणं आठवतं, त्यामुळे नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला आणि दहा वर्षांनी जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत. त्याला नाव मिळालं ते तिथल्या थुरिंजिया प्रांतावरून. बीटी कपाशीत या जिवाणूचं जनुक झाडातच घातलेलं असतं, म्हणजे झाड स्वतः ते प्रथिन तयार करतं. भारतात तिला २००२ साली परवानगी मिळाली. आपण फवारतो ती पावडर म्हणजे जिवाणूचे बीजाणू आणि प्रथिनाचे स्फटिक. झाडात काहीही बदल होत नाही, पानाच्या पृष्ठभागावर एक थर बसतो, इतकंच.

हा थर अळीच्या पोटात गेल्याशिवाय काही करत नाही. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. त्यात स्फटिक विरघळतो, प्रथिन आतड्याच्या भिंतीला चिकटून तिला भोकं पाडतं आणि अळीचं खाणं काही तासांत थांबतं. मरण मात्र दोन-तीन दिवसांनी येतं. आपलं पोट आम्लधर्मी आणि आतड्यात त्या प्रथिनाला धरायला जागा नाही, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही. तरी भाजी धुऊनच खायची, हे सांगायला नको.

घेताना डब्यावर ‘कुर्स्टाकी’ हा प्रकार लिहिलाय का ते बघा. ‘इस्रायलेन्सिस’ असेल तर ते डासांच्या अळ्यांसाठी आहे, कोबीवरच्या अळीला त्याचं काही सोयरसुतक नाही.

माझी पद्धत अशी: लिटरला एक ते दोन ग्रॅम, म्हणजे डब्यावर असेल ते. बोअरचं जड पाणी टाळतो, नळाचं घेतो. कोबीचं पान मेणचट, पाणी त्यावरून ओघळून जातं, म्हणून चिकटद्रव्याचे काही थेंब हवेतच. फवारा पानाच्या खालून, कारण अळी तिथेच असते. आणि वेळ ऊन उतरल्यावर, संध्याकाळी पाचनंतर. सूर्याच्या अतिनील किरणांनी बीटी काही दिवसांत निकामी होतं. सकाळी फवारलं तर निम्मी ताकद आपण उन्हालाच देऊन टाकतो. कालवलेलं द्रावण त्याच संध्याकाळी संपवायचं. कोबी वाढत असताना रोज नवं पान उघडतं आणि त्यावर औषध नसतं, म्हणून गड्डा धरेपर्यंत आठवड्याने पुन्हा फवारा लागतो.

पहिल्या फवारणीनंतर शेजारचे काकाजी कुंपणापाशी आले.

“काय फवारून राहिले जी? वास तर येऊनच नाही राहिला.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पान उलटून बघितलं. “अळ्या तर बसूनच आहेत न! पैसे गेले तुमचे.”

बहुतेक लोक बीटी इथेच सोडतात. अळी मेली का हे बघायचं नसतं, ती खातेय का हे बघायचं. सगळ्यांत सोपी खूण म्हणजे विष्ठेचे हिरवे ओले दाणे. संध्याकाळी पान पुसून ठेवायचं आणि सकाळी बघायचं. दाणे नसतील तर अळी नुसती बसली आहे, जेवण बंद. काकाजींना ते पुसलेलं पान दाखवलं. ते “हूं” म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या फुलकोबीसाठी पावडर मागून घेऊन गेले.

एक सावधगिरी. कोबीवरचा हाच पतंग बीटीला सरावू शकतो. शेतात बीटीच्या फवाऱ्याला दाद न देणारी कीड पहिल्यांदा नोंदली गेली ती हवाईत, १९९० साली, आणि ती हीच होती. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी कशी सरावली ते विदर्भाला सांगायची गरज नाही. म्हणून बीटीच्या मध्ये मी पाच टक्के निंबोळी अर्काची पाळी ठेवतो. जूनमध्ये रस्त्याकडेच्या कडुलिंबांखालून वेचून, वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या होत्या. लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, जरासा साबण टाकायचा. याने अळी पटकन मरत नाही, पण पानावरची वासना उडते आणि पतंगही अंडी घालायला कचरतो.

मावा आला तेव्हा बीटीने काहीच केलं नाही. करणारही नव्हतं, ते फक्त पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांचं औषध आहे. पण कुठलाच मित्रकीटक मेला नव्हता, त्यामुळे थोड्याच दिवसांत लेडीबर्डची पिल्लावळ आली आणि मावा आटोक्यात राहिला. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीची मडकी बांधली, तीही तशीच ठेवली. ती एकेक अळी बेशुद्ध करून त्या मडक्यात कोंबते, पिल्लांची शिदोरी म्हणून.

थंडी पडल्यावर: टोमॅटो

इथे कीड वेगळी, म्हणून हत्यारही वेगळं. घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा, फळात डोकं खुपसून खाते आणि अर्धं अंग बाहेर ठेवते. फळात शिरल्यावर बीटीचा थर तिच्या तोंडी लागत नाही. तिला अंड्यातच गाठावं लागतं.

त्यासाठी ट्रायकोकार्ड. तांदळातल्या पतंगाची अंडी कागदावर चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा हा गांधीलमाशीच्या कुळातला इवलासा कीटक वाढत असतो. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी. ट्रायकोग्रामा एक मिलिमीटरही भरत नाही. तो बाहेर पडला की किडीची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतो, मग अंड्यातून अळीऐवजी पुढचा ट्रायकोग्रामाच निघतो. कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागात आणि काही खासगी प्रयोगशाळांत कार्डं मिळतात.

आपल्याला पूर्ण कार्ड लागत नाही. मी ते पट्ट्या कापून तिघा मित्रांत वाटलं. पट्टी पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, स्टेपलरने. संध्याकाळी लावायची. लावल्यानंतर आठवडाभर निंबोळीसुद्धा फवारायची नाही. सगळ्यांत मोठा त्रास मुंग्यांचा, त्या अंडी उचलून नेतात. खोडाला आणि आधाराच्या काठीला तेलाचा बोळा फिरवला तेव्हा कुठे त्या थांबल्या.

कार्ड कधी लावायचं ते कामगंध सापळ्याने, म्हणजे मादीच्या वासाने पतंग ओढणाऱ्या सापळ्याने ठरवलं. त्यात फक्त नर पतंग येतात, त्यामुळे कीड कमी होईल अशी आशा परसबागेत ठेवू नका. पतंग उडायला लागले एवढाच निरोप तो देतो. निरोप आला की कार्ड.

चाललं की नाही, हे भिंगातून कळतं. घाटेअळीची अंडी फुलांजवळच्या कोवळ्या पानांवर सुटी सुटी असतात, खसखशीएवढी, पिवळसर पांढरी. ट्रायकोग्रामाने गाठलेलं अंडं चार-पाच दिवसांत काळंकुट्ट होतं. माझ्याकडे बरीच काळी दिसली, सगळी नाही. निसटलेल्या अळ्या रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन वेचल्या. वेचणं हेही कीड-नियंत्रणच आहे, फक्त त्याला डबा आणि लेबल नाही.

उरलेल्यांवर एचएएनपीव्ही हा विषाणू फवारला. फक्त घाटेअळीलाच लागणारा. त्याचं प्रमाण ‘एलई’मध्ये मोजतात, म्हणजे रोगाने मेलेल्या एका अळीतून जितका विषाणू निघतो तितका. शिफारस हेक्टरी २५० एलईची. कागदावर गणित केलं तर माझ्या चारशे चौरस फुटांना एक एलईसुद्धा लागत नाही! म्हणून बाटली कितीही लहान घेतली तरी उरतेच, आधीच भागीदार शोधून ठेवा. याला ऊन बीटीइतकंच बाधतं. त्यासाठी द्रावणात थोडा गूळ आणि चिमूटभर नीळ घालायची जुनी शिफारस आहे, ती पाळली.

काही दिवसांनी शेंड्यांवर उलट्या लटकलेल्या काळपट, लिबलिबीत अळ्या दिसल्या. विषाणू लागलेली अळी मरायच्या आधी वर चढते, मेल्यावर तिचं अंग फुटतं आणि आतला विषाणू खालच्या पानांवर ठिबकतो. बघायला किळसवाणं, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

वांगी

इथे हार. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांत आत शिरते, मग बीटीही नाही आणि विषाणूही नाही. सुकलेले शेंडे आतल्या अळीसकट कापून नष्ट करणं आणि किडकी फळं झाडावर न ठेवणं, एवढंच हाती राहतं. याच अळीसाठी बीटी वांगं काढलं होतं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत घेतलेल्या जनसुनावण्यांतली एक आपल्या नागपुरात झाली होती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला स्थगिती मिळाली. वाद राहू दे बाजूला. भरताला निम्मी वांगी मिळाली, निम्मी कापून टाकली.

लिंबू

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. ही लिंबू फुलपाखराची पिल्लं. बीटीला किडीची आणि फुलपाखराची अळी वेगळी कळत नाही, म्हणून त्या बाजूला वारा असेल तर फवारणी पुढे ढकलतो. मोठ्या झाडाला चार पानं गेल्याने काही होत नाही. ज्यांच्याकडे संत्र्याची लहान कलमं आहेत त्यांनी मात्र वेचावी, कोवळ्या कलमाला ती बोडकं करून टाकतात. भंडारा-गडचिरोलीकडे कोणी टसर कोशाच्या झाडांजवळ बाग करत असेल तर बीटी तिथे नकोच. मुळात हा जिवाणू सापडला तोच रेशीमकिड्यात.

पुढचं

कोबीचे शेवटचे गड्डे संक्रांतीनंतर निघाले. बाहेरची पानं चाळणी, आतला गड्डा स्वच्छ. उन्हाळ्यात भेंडी आणि चवळी लावणार, पण ट्रायकोकार्ड मागवणार नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे त्या किड्याला झेपत नाही. बीटीची उरलेली पावडर कोरड्या डब्यात, सावलीच्या फडताळात ठेवली आहे.

भेंडीतली फळ पोखरणारी अळी बीटीने कोणी आवरली असेल तर फवारणी कळी लागताना सुरू केली की त्याआधी, ते लिहा. आणि मुंग्यांवर तेलापेक्षा टिकाऊ काही सापडलं असेल तर तेही.