दोन पुरुष पाणी

कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत टेबल मिळालं की शस्त्र परवाने, मोर्चे आणि बंदोबस्तातच दिवस जातात. जीवन रक्षा पदकाचा प्रस्ताव क्वचित येतो. बुडणाऱ्याला, आगीत किंवा अपघातात सापडलेल्याला वाचवणाऱ्यांना केंद्र सरकार १९६१ पासून हे पदक देतं. दर्जे तीन: सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक. पोलीस, अग्निशमनवाल्यांनाही मिळतं, पण ड्युटीबाहेरच्या धाडसासाठी. घटनेपासून दोन वर्षांत प्रस्ताव जावा लागतो, आणि आमच्याकडचा कागद तालुक्याला इतका मुरला होता की मुदत संपत आलेली. सरपंचाचं पत्र होतं, पोलिसांचा अहवाल होता. जिनं पोरं वाचवली तिचा जबाब मात्र असा: 'दोन मुले बुडत होती. मी काढली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

शेवटचं वाक्य लिहून घेणाऱ्याच्या सवयीचं, हे उघडच होतं. पण असा जबाब दिल्लीत टिकत नाही. वाचवणाऱ्याच्या जिवाला किती धोका होता, यावर दर्जा ठरतो. म्हणून तलाठ्याला घेऊन मी कृष्णाकाठच्या त्या गावी गेलो.

मावशी गोठ्यात शेण भरत होत्या. हात धुऊन आल्या, चहा टाकला आणि म्हणाल्या, "परत कशाला आलासा? दिला की जबाब."

"मावशी, जिवाला धोका होता का?"

"कसला धोका? ल्हानपनापास्नं पवतोय आमी."

"पाणी किती होतं?"

"आसंल दोन पुरुष."

मी 'अंदाजे अकरा-बारा फूट' लिहिलं. तलाठी कानाशी लागला, "साहेब, धोका होता म्हणून लिहून टाका, अंगठा घेऊ." मला ते पटलं नाही. धोका नव्हता असं जी बाई ठासून सांगते, तिच्या तोंडी तो घालायचा कसा? मग धोक्याचं नावच सोडलं. म्हटलं, पाण्यात उडी टाकल्यापासून काय काय झालं तेवढं क्रमानं सांगा.

धाकटा पटकन हाताला लागला. त्याला पायरीला लावून त्या थोरल्याकडे वळल्या. त्यानं मागून गळ्याला मिठी मारली. "सुटंना. लुगडं पायात गुतल्यालं. मग मी आपनहून खाली गेले."

"खाली म्हणजे?"

"तळाला. बुडनारं मानूस वर बघतंय, खाली येत न्हाई. मी बुडले की त्यो सोडनार, ठावं हुतं. सोडलंन. मग केसाला धरून काडला."

तलाठ्याच्या हातातली बशी तशीच राहिली. दमछाक झालेली बाई, पायात लुगडं, गळ्यात पोर, आणि ती मुद्दाम तळाला जाते. यावर मला एकही विशेषण चढवावं लागलं नाही. त्यांचे शब्द होते तसे उतरवले, वाचून दाखवले, सही घेतली. शिफारस 'उत्तम'ची केली. अंतिम दर्जा ठरवणारे वेगळे, पण आपल्याकडून कमी का मागायचं?

निघताना मावशींनी एकच चौकशी केली, पैसे मिळतात का. मिळतात म्हटल्यावर, "लेकीच्या खात्यावर टाका, माज्या नावावर कायबी न्हाई." ते नियमात बसत नव्हतं. खातं त्यांचंच लागणार होतं, आणि आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलेलं. त्या आठवड्यात प्रस्तावापेक्षा जास्त फोन मी त्या स्पेलिंगसाठी केले.