फ्लूटी पासवरून उजवीकडे

दर शनिवारी हिला मॉलमध्ये काहीतरी परत करायचं असतं. घेण्यापेक्षा परत करायलाच आमच्या जास्त चकरा होतात, तो विषय वेगळा. तर गाडी नेटिकच्या मॉलजवळ आली की फोनमधली ती बाई तिच्या कोऱ्या आवाजात सांगते, की आता फ्लूटी पासवर वळा. वीसेक वर्षं झाली मला बोस्टनच्या या बाजूला येऊन, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं पास म्हणजे खिंड असणार. मी कोल्हापूरचा, खिंड म्हटलं की डोळ्यासमोर पावनखिंडच येते. तर इथे ना डोंगर ना खिंड, नेटिक मॉल आणि फ्रेमिंगहॅमचं शॉपर्स वर्ल्ड यांच्यामधला दोन मिनिटांचा सपाट रस्ता, आजूबाजूला नजर जाईल तिथवर पार्किंग.

मग आमच्या शेजाऱ्याने एकदा बर्फ उपसता उपसता सांगितलं, की अरे बाबा हा पास म्हणजे फेकलेला पास. चेंडू. एका कॉलेजच्या पोराने एकदा चेंडू फेकला होता म्हणून त्या रस्त्याचं नाव तसं आहे.

आता आपल्याकडे रस्त्याला नाव द्यायचं म्हणजे माणूस आधी जावा लागतो, मग पुतळा, मग चौक, मग त्या चौकावरून भांडण. हा डग फ्लूटी चांगला ठणठणीत आहे. लहानपणी फ्लोरिडात होता, मग घरचे १९७६ साली नेटिकला आले आणि हा इथल्याच हायस्कूलमध्ये खेळला. नेटिकमध्ये माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या कुणालाही विचारा, फ्लूटी त्यांच्या वर्गात होता. सलूनमधला माणूस, पाण्याची पाईप बदलायला आलेला माणूस, लायब्ररीतल्या बाई, सगळ्यांच्या वर्गात. हिशोब केला तर त्या वर्गात निदान सातशे पोरं असणार. पण यात खोटं म्हणावं असं काही नाही, कोल्हापुरात पण जुन्या एखाद्या खेळाडूचं नाव काढलं की समोरचा म्हणतोच, अरे आम्ही एकाच तालमीत, एकाच ताटात जेवलोय.

उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, ती पण ताणून. आपल्याकडे ही चांगली उंची, लग्नाच्या जाहिरातीत ठळक छापण्यासारखी, पण इथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला समोरच्या सहा-साडेसहा फुटी भिंतीवरून बघून चेंडू टाकायचा असतो, त्यामुळे मोठी कॉलेजं याच्याकडे वळूनसुद्धा बघेनात. शेवटी घराजवळच्या बोस्टन कॉलेजने घेतलं. ग्रीन लाईनच्या बी गाडीचं शेवटचं स्टेशन, जेझुइट पाद्र्यांनी १८६३ साली काढलेलं कॉलेज. सगळे त्याला बीसी म्हणतात, टोपीवर, टीशर्टवर मोठ्या आकारात तीच दोन अक्षरं, आणि आपल्याकडून नवीन आलेली पोरं ती टोपी घालून मुद्दाम फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि वरून खुदूखुदू हसतात. असो.

तर तो दिवस. २३ नोव्हेंबर १९८४, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार. म्हणजे सगळा देश घरात, आदल्या दिवशीची टर्की सँडविचमध्ये घालून खातोय आणि टीव्ही चालू. मॅच मायामीला, ऑरेंज बोल स्टेडियममध्ये, आणि मायामी म्हणजे त्या वेळचे गेल्या वर्षीचे चॅम्पियन, त्यांचा क्वार्टरबॅक बर्नी कोझार. दोघांनी मिळून नुसता धुरळा, त्या एका मॅचमध्ये नुसत्या पासवर फ्लूटीने संघाला ४७२ यार्ड पुढे नेलं आणि कोझारने ४४७. वर-खाली, वर-खाली चाललेलं. शेवटी २८ सेकंद उरलेत आणि मायामी ४५, बीसी ४१. संपलं.

इथे आमच्या शेजाऱ्याची गोष्ट सुरू होते. तो तेव्हा चौदा वर्षांचा. त्याच्या वडिलांनी मायामीचा तो शेवटचा टचडाऊन, म्हणजे चेंडू गोललाईनच्या पलीकडे नेऊन मिळवलेले गुण, बघितला, काहीतरी पुटपुटले, उठून टीव्हीचा खटका बंद केला आणि पोराला म्हणाले चल, पानं गोळा करायचीत. नोव्हेंबरात इथे अंगणात ओक आणि मेपलच्या पानांचा गुडघाभर ढीग असतो. तर हे दोघं बापलेक रेक घेऊन बाहेर, पोरगं रडकुंडीला आलेलं, आणि तिकडे मायामीत सहा सेकंद उरलेत.

सहा सेकंदांत एकच गोष्ट करता येते. सगळ्यांनी एका कोपऱ्याकडे पळत सुटायचं आणि क्वार्टरबॅकने जीव खाऊन फेकायचं. याला इथे हेल मेरी म्हणतात, म्हणजे ती रोझरीची प्रार्थना, आपल्या भाषेत पांडुरंगा तूच आता. त्यात कॉलेज पाद्र्यांचं, त्यामुळे शब्द अगदीच चपखल. फ्लूटी मागे मागे जात राहिला, एकजण अंगावर आलेला त्याला चुकवून उजवीकडे सरकला आणि स्वतःच्याच अर्ध्या मैदानातून, एक उडी घेतल्यासारखं करून, फेकला. चेंडू हवेत साठ यार्डांच्या वर. आता यार्ड म्हणजे काय ते मला आधी कळायचं नाही, मग लक्षात आलं आपलं क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, म्हणजे जवळजवळ तीन पिचं एकापुढे एक मांडा आणि या टोकाहून त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात टाका. आणि वारा समोरून होता हां, हे प्रत्येकजण सांगतो, न विसरता.

मायामीच्या पोरांची चूक एवढीच झाली की त्यांना वाटलं हा बुटका एवढ्या लांब फेकूच शकत नाही. म्हणून ते अलीकडेच उड्या मारत राहिले आणि त्यांच्या मागे गोललाईनच्या पलीकडे उभा होता जेरार्ड फेलन, जो फ्लूटीचा होस्टेलमधला रूममेट. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून थेट त्याच्या पोटापाशी, धरून तो मागे पडला. ४७-४५. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे खुद्द फ्लूटीला कॅच दिसलाच नाही. समोर एवढी गर्दी, आणि याची उंची ती अशी. त्याला वाटलं चेंडू खाली पडला, मग पंचाचे दोन हात वर दिसले तेव्हा कळलं. म्हणजे ज्याने केलं त्यानेच बघितलं नाही.

इकडे पानं गोळा करणाऱ्या बापलेकांना शेजारच्या घरातून ओरडा ऐकू आला. मग त्याच्या पलीकडच्या घरातून. मग अख्ख्या गल्लीत दारं उघडली. वडील रेक तसाच टाकून आत पळाले, टीव्ही लावला, पण जुना टीव्ही, चित्र यायला वेळ, आणि चित्र आलं तेव्हा बीसीची पोरं एकमेकांवर ढीग करून पडलेली.

शेजारी म्हणतो, पुढे तीस वर्षं, वडील जाईपर्यंत, प्रत्येक थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर ते सांगायचे, मी बघितला तो पास, लाईव्ह, या खुर्चीत बसून. आणि हा पोरगा समोर बसलेला, ज्याला पक्कं माहीत की ते अंगणात होते, कारण रेकचं दुसरं टोक याच्याच हातात होतं. कधी बोलला नाही. म्हणाला, सुरुवातीला राग यायचा, मग मजा वाटायला लागली, आणि शेवटी शेवटी मलाच शंका यायला लागली की खरंच आम्ही आत होतो की काय.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा, कोल्हापुरात. आमच्याकडे १९८४ चा नोव्हेंबर म्हटलं की इंदिराबाई गेल्यानंतरचे ते दिवस, कुणीतरी आणलेला ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आणि त्याच्यासमोर चपला काढून बसलेली गल्ली. आणि फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच, पाटाकडील तालीम की खंडोबा तालीम, आणि माझे काका गॅलरीत उभे राहून एकाच वेळी खेळाडूला, पंचाला आणि शेजारच्या माणसाला शिव्या घालताहेत. काकांचा पण एक खेळाडू होता, नाव नाही सांगत, त्याच्या एका गोलाबद्दल ते इतकं बोलायचे की आम्हा पोरांना तो गोल पाठ झालेला, कुठून मारला, बार कसा हलला, चिखल केवढा होता. चिखल दर वर्षी वाढत गेला. इथला वारा पण वाढत जातो, मी नीट लक्ष ठेवून आहे.

लोकांना वाटतं त्या पासमुळे त्याला हाइजमन ट्रॉफी मिळाली, त्या वर्षीचा देशातला सगळ्यात भारी कॉलेज खेळाडू म्हणून. पण मतं बरीचशी आधीच पडलेली होती. कॉलेजच्या सगळ्या मॅच मिळून दहा हजार यार्डांच्या पुढे पास टाकणारा तो मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉलमधला पहिलाच, म्हणजे तो एक चेंडू नसता तरी ट्रॉफी त्याचीच. पण हे कुणाला सांगायला जाऊ नका, लोक नाराज होतात. त्यांना तो एक चेंडूच पाहिजे. त्यानंतर दोन वर्षांत कॉलेजकडे अर्जांचा ओघ तीसेक टक्क्यांनी वाढला आणि त्याला फ्लूटी इफेक्ट असं नाव पडलं, आता त्यात होस्टेल बांधणं वगैरे कॉलेजने केलेली बाकीची कामं पण होती म्हणतात, पण अर्थशास्त्रवाले अजून त्यावर वाद घालतात. मी मात्र बाप म्हणून विचार करतो, कुणीतरी चेंडू लांब फेकला म्हणून आमच्या कन्येने तिथे अर्ज केला असता तर मी तिला काय म्हणालो असतो. आणि फी बघितल्यावर काय म्हणालो असतो.

पुढे प्रो फुटबॉलवाल्यांनी तेच केलं, उंची मोजली. मग हा गेला कॅनडात, तिथे आठ सीझनमध्ये सहा वेळा सगळ्यात चांगला खेळाडू, तीन वेळा ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगची ट्रॉफी. परत आला, बफेलोत खेळला, तिथले लोक त्याला न खेळवता बाकावर का बसवलं यावरून अजून चिडतात. मुलाला ऑटिझम म्हणून फाउंडेशन काढलं, त्याच्यासाठी फ्लूटी फ्लेक्स नावाचं नाश्त्याचं सीरियल बाजारात आलं. शेजाऱ्याकडे त्याचा एक न उघडलेला खोका गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी आहे, १९९८ चा. बायको दर वसंतात टाकून द्यायला काढते, हा परत ठेवतो. मी हलवून बघितलाय, आत आता फ्लेक्स नाहीत, रवा आहे.

बीसीच्या स्टेडियमबाहेर २००८ पासून त्याचा पुतळा आहे, त्याच पोझमध्ये, हात मागे घेतलेला. पाहुणे आले की आम्ही हार्वर्ड दाखवतो, एमआयटी दाखवतो, मग मी हळूच तिकडे नेतो. पाहुणे विचारतात हे कोण. पुण्याचे असतील तर विचारतात याचं शिक्षण काय.

आता खरं सांगायची गोष्ट. मला फ्लूटी लाईव्ह बघायची एक संधी मिळाली होती. १ जानेवारी २००६, तो ४३ वर्षांचा, शेवटची शेवटची मॅच, इथेच फॉक्सबरोला, पेट्रियट्स या इथल्या प्रो संघाकडून. शेजाऱ्याने बोलावलं म्हणून आम्ही दोघं त्याच्याकडे बसलेलो. मला खेळ अजून धड कळत नव्हता, माझी एकच तक्रार असायची की याला फुटबॉल का म्हणता, पाय कुठे लावता. तर त्या दिवशी फ्लूटीने ड्रॉप किक मारली. म्हणजे चेंडू हातातून खाली सोडायचा आणि तो टप्पा घेऊन वर येतो न येतो तोच पायाने उडवायचा. पूर्वी चेंडू गोलसर होता तेव्हा मारायचे, मग निमुळता झाला आणि टप्पा कुठे जाईल याचा भरवसा राहिला नाही, नियम मात्र पुस्तकात तसाच पडून. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या प्रो लीगमध्ये, १९४१ नंतर कुणाचीच अशी किक यशस्वी झाली नव्हती. याने मारली आणि बरोबर दोन खांबांच्या मधून. शेजारी सोफ्यावर उभा राहिला, चक्क उभा, बूट घालून. शेवटी एकदाचा फुटबॉलला पाय लागला.

परवा आमच्या कंपनीतला एक नवीन पोरगा गाडीत होता, सांगलीचा, महिनाच झालाय येऊन. फोनमधली बाई म्हणाली फ्लूटी पास, आणि त्याने विचारलं, काका, हा काय प्रकार? झालं. मी सुरू. सहा सेकंद, तीन पिचं, रूममेट, वारा समोरून, सोसाट्याचा. मग मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावून इंजिन तसंच चालू ठेवून ड्रॉप किक, हाताने करून दाखवली, चेंडू कसा सोडला, टप्पा कसा पडला, पाय कसा आला, माझ्या डोळ्यासमोर बघ, इथून इथे.

मागच्या सीटवरून ही शांतपणे म्हणाली, "अरे तू त्यांच्या किचनमध्ये चहा टाकत होतास. त्यांच्याकडे आलं नव्हतं म्हणून घरी पण जाऊन आलास."

"आवाज आला होता ना मला," मी म्हटलं, आणि गाडी बंद केली.