चौघांचा दवाखाना आणि पाच हजार रुपये

कराडला दातांच्या एका दवाखान्यात मी चार वर्षं रिसेप्शनला होते. डॉक्टर मॅडम, एक असिस्टंट, झाडलोटीच्या मावशी आणि मी, एवढीच माणसं. 2023 मध्ये मला पाचवा महिना लागला तेव्हा सुट्टीचं विचारलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "सुट्टी हवी तेवढी घे, तुझी जागा ठेवते, पण पगार देता येणार नाही."

माझ्या मावसबहिणीला कंपनीत 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. मला का नाही, म्हणून त्या रात्री मोबाइलवर वाचत बसले. मातृत्व लाभ कायदा दवाखान्यासारख्या ठिकाणी दहा माणसं कामाला असतील तरच लागू व्हायचा. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, तीही एवढ्या लहान जागेला लागू नव्हती. आम्ही चौघंच. म्हणजे मॅडम काही चुकत नव्हत्या, कायद्यानंच आम्हाला बाहेर ठेवलं होतं. महिना 11,000 रुपये पगार, सहा महिने घरी, म्हणजे 66,000 रुपये बुडणार. मला त्या रात्री झोप लागली नाही.

नाव नोंदवायला आलेल्या आशाताईंनी विचारलं, "मातृ वंदनाचा फॉर्म भरलास का गं?" मला वाटायचं ही योजना फक्त दारिद्र्यरेषेखालच्या बायकांसाठी असते. तसं नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात: 3,000 गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर, 2,000 बाळाचा जन्मदाखला आणि पहिले डोस झाल्यावर. ज्यांना नोकरीतून असाच लाभ मिळतो त्यांना हे पैसे नाहीत. माझ्यासारखीसाठीच आहेत. बाळंतपणात बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई हाच या पैशांचा हेतू आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात सगळे "सरकारनं बाळाला दिलेली भेट" म्हणत होते. भेट नाही ती. माझ्या बुडालेल्या पगाराचा छोटासा तुकडा आहे.

कागदं म्हणाल तर आधार, माता बाल संरक्षण कार्ड, शेवटच्या पाळीची तारीख आणि पात्रतेचा एक पुरावा. त्या पुराव्यातच अडकले. सासरच्या रेशनकार्डावर माझं नाव चढलेलं नव्हतं, कारण माहेरच्या कार्डावरून ते कमी केलेलं नव्हतं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला चालतो, पण त्यासाठी फेऱ्या मारायची माझी ताकद नव्हती. मग आशाताई म्हणाल्या, ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांचं सरकारी कार्ड, तेही चालतं. आधारला जोडलेला मोबाइल हातात होता, ओटीपी आला आणि एका संध्याकाळी घरबसल्या कार्ड निघालं. नवऱ्याच्या आधारसाठी काही अडलं नाही. नव्या नियमांत ते सक्तीचं नाही, आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी हे किती मोठं आहे ते आमच्या गल्लीत मी पाहिलंय.

फॉर्म गेला. दीड महिन्यानं आशाताई म्हणाल्या, पैसे पडलेत. माझ्या पासबुकात काहीच नाही! मी दोनदा बँकेत जाऊन आले. काउंटरवरच्या माणसानं "आधार लिंक आहे की" एवढंच सांगून पाठवलं. शेवटी आधारच्या साइटवर बँक सीडिंगचं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार कोणत्या बँकेला जोडलंय त्याचं, स्टेटस बघितलं आणि सगळं कळलं. तिथं भलत्याच बँकेचं नाव होतं. कॉलेजात असताना बार्शीला, माहेरी, स्कॉलरशिपसाठी काढलेलं खातं.

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जणी इथंच अडकतात. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. आधार कितीही खात्यांना लिंक असू शकतं, पण सरकारी पैसे एकाच खात्यात जातात, सीडिंग असलेल्या. शेवटी जिथं सीडिंग केलं, तिथं. मी कुठलं पासबुक दाखवलं याचा काही संबंध नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आठव्या महिन्यात बार्शीला जायचंच होतं. आई माझ्याबरोबर बँकेत आली. खातं बंद पडल्यासारखं होतं, पुन्हा केवायसी केली, आधारवरचं लग्नानंतरचं नाव आणि पासबुकातलं माहेरचं नाव यावरून अर्धा तास गेला, लग्नाचा दाखला दाखवला, सही जुळली. 3,000 रुपये हातात आले तेव्हा मी तिथंच बाकावर बसून रडले. रक्कम केवढी, हा प्रश्नच नव्हता. एवढ्या फेऱ्यांनंतर माझ्या नावाचे पैसे माझ्या हातात आले होते.

मुलगी झाली. दुसऱ्या हप्त्यासाठी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस पूर्ण लागतात. चौदाव्या आठवड्यात तिला ताप होता, डोस आठ दिवस लांबला, पण त्यानं काही बिघडलं नाही. माहेरच्या नर्सबाईंनी डोस कार्डावर चढवले आणि तेच कार्ड घेऊन मी कराडला परतले. तोवर कराडच्या बँकेत अर्ज देऊन सीडिंग बदलून घेतलं होतं. 2,000 रुपये तिथंच आले, पहिल्याच फेरीत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये द्यायचं लिहिलंय. योजना पहिल्या बाळाला 5,000 देते, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तरच 6,000. मुलींचा जन्म वाढावा हा हेतू मला पटतो. पण दुसरं बाळ मुलगा झालं म्हणून त्या आईची मजुरी बुडायची राहते का?

सहा महिन्यांनी कामावर परत गेले. मावशींच्या सुनेला तिसरा महिना होता, शेतात रोजंदारीला जाते. जेवणाच्या सुट्टीत तिला बोलावून घेतलं. फॉर्मचं नाव काढायच्या आधी तिचं आधार कोणत्या बँकेत आहे ते मोबाइलवर बघितलं. कुठल्याच बँकेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दोघी बँकेच्या दारात उभ्या होतो.