नातवंडं आली आणि टाकीचा हिशोब लागला

मागची नोंद जानेवारीतली, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळची. त्यानंतर ज्वारीची काढणी, मळणी, कडबा रचणं, आणि मधे ह्यांचं गुडघ्याचं दुखणं, त्यामुळे वही भरत होते पण नीट लिहायला बसणं झालंच नाही. आता मात्र लिहायलाच पाहिजे, कारण मार्चच्या शेवटी लेकीची तीन पोरं पुण्याहून नऊ दिवस राहायला आली होती, परीक्षा संपून नवीन वर्ग सुरू व्हायच्या मधल्या सुट्टीत, आणि चार वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते त्या नऊ दिवसांत कळलं.

आधी आमचं काय काय आहे ते परत एकदा थोडक्यात. सोलापूरजवळ नान्नजच्या अलीकडे माळाला लागून साडेतीन एकर, लाईटचं कनेक्शन नाही, घेतलंच नाही. 335 वॅटच्या 4 सोलर प्लेटा, 150 एएचच्या (अँपिअर अवर, साठ्याचं माप) 2 ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे 24 व्होल्ट, कागदावर 3.6 युनिट पण अर्ध्याच्या खाली मी जाऊ देत नाही म्हणजे हातात 1.8. वापरायचं पाणी बोअरचं, सोलर पंपावर. प्यायचं आणि सैपाकाचं पाणी पत्र्यावरच्या पावसाचं, गोल टाकीत. दोन खिलार गाई, एक पंढरपुरी म्हैस, त्यांच्या शेणावर 2 घनमीटरचा गोबरगॅस. माणसं दोन. हे जनावरं बघतात, मी तारा आणि नळ बघते, 29 वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलंय, आता स्वतःवरच प्रॅक्टिकल चाललंय.

तर पहिलीच रात्र. पोरांना सोडायला जावई आले होते, एक रात्र राहिले. पहाटे 4 ला इन्व्हर्टर टीं टीं करून बंद! आमच्याकडे असं शेवटचं झालं ते दोन वर्षांपूर्वी श्रावणात, चार दिवस ऊन नव्हतं तेव्हा. मी टॉर्च घेऊन बॅटरीच्या खोलीत, हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) बुडवला तर 1.18, म्हणजे अर्धी संपली. आमचा दोघांचा संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा खर्च 950 वॅट अवरच्या आसपास असतो, एक पंखा, फ्रीज, दोन बल्ब आणि इन्व्हर्टर स्वतःच खातो ते तासाला 15. त्या रात्री मीटर दाखवत होता 1850. चार पंखे चालू होते हे खरं पण बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा 30 वॅटचा, तीन जास्तीचे पंखे सहा-सात तास धरले तरी साडेसहाशेच्या आत बसतं, मग उरलेलं गेलं कुठं?

सकाळी मोठीने (वय 12) शोध लावला. तिच्या बाबांच्या बॅगेत प्रवासाची इलेक्ट्रिक केटल, दीड हजार वॅटची, रात्री दोनदा कॉफीला आणि एकदा गरम पाणी प्यायला लावली होती. 24 व्होल्टवर दीड हजार वॅट म्हणजे 62 अँपिअर, 150 एएचच्या बॅटरीला हे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जिना पळत चढायला लावणं, वॅट अवर गेले ते गेलेच पण व्होल्टेज असं खाली बसतं की अर्धी बॅटरी शिल्लक असताना सुद्धा इन्व्हर्टर घाबरतो. आता जावयाला कोण बोलणार. मी म्हटलं, "ढगाळ होतं ना काल, त्यामुळे झालं असेल," आणि ह्यांनी खोकला काढला, कारण काल ढगाचं नावसुद्धा नव्हतं.

जावई गेल्यावर पोरांना बसवून सगळं सांगितलं. तुमच्याकडे पुण्यात बटण दाबलं की येतं, इथं डबा आहे, डब्यात जेवढं आहे तेवढंच. मोठीला वही दिली, मधल्याला (9) टाकीतलं पाणी मोजायची काठी, धाकट्याला (6) फ्रीजचं दार, म्हणजे कुणी उघडं ठेवलं की त्याने ओरडायचं. धाकट्याने आपलं काम इतकं मनावर घेतलं की मला फ्रीजमधून दूध काढायला सुद्धा परवानगी घ्यावी लागली.

रात्रीचा खर्च कमी करायला दोनच गोष्टी केल्या. एक, लिटरच्या चार बाटल्यांत मिठाचं पाणी भरून दिवसा ऊन असताना वरच्या खणात गोठवायची आणि रात्री 10 ला फ्रीज बंद करून त्या खालच्या खणात ठेवायच्या, सकाळी 6 ला फ्रीज चालू. दूध टिकलं, दही टिकलं. दोन, सगळी अंगणात बाजेवर मच्छरदाणी लावून झोपली, पंखे बंद. मार्चअखेर आमच्या माळावर दिवसा अडतीस-एकोणचाळीस असलं तरी पहाटे गोधडी लागते. तिसऱ्या रात्रीचं रीडिंग 410. पाच माणसांत 410! मी गेलं वर्षभर लिथियम बॅटरी घ्यायची की अजून दोन प्लेटा घ्यायच्या ह्याच्यावर डोकं लावत होते आणि मोबाईलमध्ये कोटेशनं जमवत होते, ती जमवणं सध्या थांबवलंय.

बॅटरीचं एक सांगायचं राहिलं. बसवून देणाऱ्या माणसाने बूस्ट, म्हणजे चार्जिंगचं सगळ्यात वरचं व्होल्टेज, 29.2 वर सोडून दिलं होतं, टेंपरेचर सेन्सर लावलाच नाही, विचारलं तर म्हणे काय होत नाही. पंचवीस डिग्रीला ते ठीक असेल पण आमची बॅटरीची खोली ह्या दिवसात 38 ला असते, आणि सेलमागे डिग्रीला 3 मिलिव्होल्ट धरलं तर 12 सेल गुणिले 13 डिग्री, जवळजवळ अर्धा व्होल्ट जास्त जात होता. फेब्रुवारीत झाकण काढून बघितलं तेव्हा दोन सेलमध्ये पाणी उतरून आतल्या प्लेटांच्या टोकाला टेकलं होतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं, मी आता हाताने 28.6 केलंय, मे महिन्यात अजून थोडं खाली आणेन. ज्यांच्याकडे पाण्याच्या बॅटऱ्या आहेत त्यांनी हे एकदा बघाच.

आता टाकी. खरी गोष्ट हीच आहे.

टाकी 3 मीटर व्यासाची, म्हणजे 1 सेंटीमीटर उतरली की 70 लिटर गेले. आमचं दोघांचं दिवसाला 35 लिटर, म्हणजे दोन दिवसाला 1 सेंमी. ऑक्टोबरच्या दहा तारखेला काठी 260 दाखवत होती, पोरं आली तेव्हा 131. हिशोबाने 84 उतरायला पाहिजे होतं आणि उतरलं 129. हा फरक मला डिसेंबरच्या शेवटापासून दिसत होता, आणि (लिहायला लाज वाटते) मी ह्यांच्यावर संशय घेत होते. बोअरचं पाणी खारट, म्हैस ते कुरकुर करत पिते, आणि ह्यांचा त्या म्हशीवर माझ्यापेक्षा जास्त जीव, त्यामुळे गुपचूप पावसाचं पाणी पाजत असणार अशी माझी खात्रीच होती. दोनदा भांडण झालं. ते म्हणायचे "देवाशप्पथ नाही गं," मी म्हणायचे "मग काय उडून जातंय का, टाकीला झाकण आहे."

मधल्याला काठी कशी वापरायची ते शिकवलं. काठीला खडू घासायचा, सरळ खाली सोडायची, टेकली की वर काढायची, खडू जिथं भिजून काळपट झालाय तिथं वाचायचं. मी रोज सकाळी एकदाच वाचते. ह्या पठ्ठ्याला त्या खेळाची इतकी गोडी लागली की तो झोपायच्या आधी पण वाचायला लागला आणि उठल्या उठल्या परत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला, म्हणाला, "आज्जी, रात्री आपण सगळे झोपलेलो, मग टाकी पाव सेंमी कशी काय पाणी प्याली?"

पाव सेंमी म्हणजे साडेसतरा लिटर. एका रात्रीत, म्हणजे दिवसरात्र मिळून 35.

मी जागच्या जागी उभी राहिले. विज्ञान शिकवलंय म्हणते मी, आणि रात्री-सकाळी अशी दोन रीडिंगं घ्यावीत हे तीन महिने सुचलं नाही! मग तिघांना घेऊन पाईप धरून निघाले. सैपाकघरातली तोटी कोरडी, बाहेरच्या ओट्यावरची कोरडी, आणि कडुलिंबाच्या पलीकडे प्लेटांच्या स्टँडजवळ एक तोटी आहे, प्लेटा धुवायला काढलेली, बोअरच्या पाण्याने धुतल्या तर क्षाराचे पांढरे डाग पडतात म्हणून मुद्दाम पावसाच्या टाकीवर जोडलेली. तिथं मी सूर्य कलल्यावर कधी जात नाही. ती बोटभर करंगळीसारखी धार नव्हे, दोऱ्यासारखी धार, आवाज नाही काही नाही, खालच्या खडीत जिरत होती. वायसर गेलेला. दहा रुपयाचा वायसर. डिसेंबरअखेरपासून धरले तर 90 दिवस आणि 45 सेंमी, म्हणजे तीन हजार लिटरच्या वर पाणी त्या खडीत गेलं.

ह्यांना जाऊन सांगितलं. ते म्हशीला घासत होते. काही बोलले नाहीत, नुसतं म्हशीला म्हणाले, "ऐकलंस का, सुटलीस तू."

वायसर बदलायला गेले तर अजून एक भानगड. तोटीपासून चार हातावर खडीत टिटवीने अंडी घातलेली! चार, टोकं आत करून ठेवलेली, रंग असा की मोठीचा पाय पडता पडता राहिला. आम्ही जवळ गेलो की दोघं नवरा-बायको डोक्यावर घिरट्या घालून नुसता आकांत. पोरं लांब कडुलिंबाखाली बसून बघायला लागली, दुर्बीण आहे माझी माळढोक बघायला घेतलेली (माळढोक काही दिसत नाही हल्ली, काळवीट मात्र रोज दिसतात). दुपारी एक वाजता मोठी पळत आली, टिटवी त्या गळतीच्या डबक्यात बसली, पोट भिजवलं, आणि ओल्या पोटाने जाऊन अंड्यावर बसली. असं परत परत. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून ती तसं करते हे मी वाचलं होतं, डोळ्याने पहिल्यांदा बघितलं. पोटाची पिसं चिकटून काळी दिसत होती आणि चालताना खडीवर थेंब पडत होते.

म्हणजे आमची गळती हा तिचा पाणवठा. आता वायसर बदलला की डबकं आटणार. पोरांची पंचाईत, सभा भरली, धाकटा तर रडायलाच लागला की गळू दे. शेवटी ठरलं, वायसर बदलायचाच, पण कुंडीखालची मातीची पसरट थाळी खडीत बसवून रोज भरायची. दिवसाला दीड लिटर लागतं. 35 च्या जागी दीड. पहिला अर्धा दिवस टिटवीने थाळीकडे ढुंकून बघितलं नाही आणि माझ्या जिवाला घोर, दुपारी बसली एकदाची.

आता तिच्यामुळे प्लेटांचं काम अडलं. पाडव्याच्या सुमारास मी दरवर्षी स्टँडचा कोन बदलते, हिवाळ्यातला 30 वरून 10 वर, आणि मागचा बोल्ट बरोबर घरट्याच्या बाजूला. पोरांना म्हटलं बदलला नाही तर किती नुकसान ते काढू. मीटरची काठी अंगणात उभी केली आणि सावली मोजली. तिघं 12 वाजता घड्याळ बघून तयार, सावली अजून आखूड होतच चाललेली. सगळ्यात आखूड झाली साडेबाराला, 26 सेंमी. मग त्यांना सांगितलं की घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आहे, सोलापूर 75.9 वर, सूर्याला इथवर यायला 26 मिनिटं जास्त लागतात. 26 सेंमी म्हणजे सूर्य डोक्यावरून 14-15 अंश कललेला, प्लेट 30 वर, फरक 15 अंश, नुकसान 3 ते 4 टक्के. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येईल तेव्हा जास्त होईल, पण तोपर्यंत टिटवीचं बाळंतपण उरकलेलं असेल. बोल्टला हात लावला नाही. धुणं मात्र पुढच्या बाजूने, सकाळी 7 च्या आत, लांब दांड्याच्या फडक्याने, तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच मारायचं नाही.

गॅसचं थोडक्यात. पाचव्या दिवशी शेगडी भकभक करायला लागली, पोरांना वाटलं शेण संपलं. पाईपात पाणी साचलं होतं, खालच्या वळणावरचा कॉक उघडला, वाटीभर घाण पाणी निघालं, ज्योत निळी. तिघांनी सकाळचं शेण कालवायचं काम घेतलं होतं, पहिल्या दिवशी नाक धरून, नंतर कोपरापर्यंत. बाकी कैऱ्या सोलर कुकरात दीड तासात उकडून रोज पन्हं, कुरडयांचा चीक गूळ-तूप घालून दोनदा, पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर खाताना तोंडं बघण्यासारखी झाली, गाठी मात्र दुपारपर्यंत पुरल्या नाहीत.

न्यायला लेक आली. तिच्या स्वागताला धाकटा दारातूनच ओरडला, "काय करलालीस बे आई!" लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी कुकर बघायला आत गेले. आता ही शिकवणी आबांची, माझी नाही, पण कोण विश्वास ठेवणार.

जाताना टाकी 117.5. पहिले तीन दिवस गळतीसकट साडेपाच गेले, नंतरच्या सहा दिवसांत 8, पाच माणसांत. आता दोघांना मृगापर्यंत आरामात पुरेल.

मधला रोज रात्री फोन करतो. आज्जी कशी, आबा कसे, काही नाही, पहिला प्रश्न "काठी किती?" परवा सांगितलं 114, काल 113.5. मग विचारतो थाळी भरली का, अंडी किती. काल मी सांगितलं तीनच दिसतायत, तो गप्प झाला, म्हटलं थांब, चौथ्याचं कवच पडलंय बाजूला, आणि खडीतला एक दगड मघापासून चालतोय.