पहिली सायडर: पाच लिटरची बरणी आणि एक हायड्रोमीटर

सफरचंदाचा रस आणि यीस्ट, सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या मद्याला, एवढंच लागतं. सामान कमी म्हणून काम सोपं वाटतं, पण पहिली बरणी बिघडते ती बहुतेक वेळा घाईमुळे. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजून लोक बाटल्या भरतात. त्यामुळे फुगे, नळ्या, चाळण्या यांवर खर्च करण्याआधी हायड्रोमीटर घ्या. रसात साखर किती होती आणि आता किती उरली आहे, हे त्याच्याइतकं खात्रीनं घरात दुसरं काहीच सांगत नाही. घरी मद्य करण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्या.

तयार रस वापरणार असाल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट असेल तर तो रस घेऊ नका. यीस्टची वाढ रोखण्यासाठीच ते घातलेलं असतं. अस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, चालतं. पाश्चराइज केलेला रसही चालतो.

ताजा रस काढायचा तर साडेचार लिटरसाठी साधारण 7 ते 9 किलो सफरचंदं लागतात. सडलेला भाग काढून टाका, बिया मिक्सरमध्ये भरडू नका, कडवटपणा उतरतो. नुसत्या गोड सफरचंदांची सायडर पाणचट लागते, कारण आंबताना गोडवा निघून जातो आणि मागे आंबटपणा व तुरटपणाच उरतो. म्हणून निदान एक तृतीयांश सफरचंदं आंबट घ्या. तुरटपणा कमी वाटला तर कडक काळ्या चहाचं कपभर पाणी घाला. रस उकळू नका. उकळल्यावर त्यातलं पेक्टिन सुटतं आणि सायडर काही केल्या निवळत नाही. रानटी यीस्ट आणि जिवाणू आवरायला एक कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची, जंतू आवरणारी) चुरून घाला, 24 तास थांबा, मगच यीस्ट. पेक्टिन मोडणारं एन्झाइम त्याच 24 तासांत घातलं की पुढे साका, म्हणजे तळाचा गाळ, चांगला बसतो.

बरणी, नळी, बूच, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी बुचावरची नळी), चमचा, रसाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुवा आणि मग निर्जंतुक करा. ही दोन वेगळी कामं आहेत. मळ राहिलेल्या जागी जंतुनाशक पोचत नाही.

आता हायड्रोमीटर रसात सोडा. साध्या पाण्याचा आकडा 1.000, साखर जास्त तितका तो वर; बहुतेक रसांचा 1.045 ते 1.055 येतो. शेवटचा आकडा त्यातून वजा करून 131 ने गुणलं की मद्याचं प्रमाण मिळतं: 1.048 वरून 1.000 वर आलं तर सुमारे 6.3 टक्के. साडेचार लिटरमध्ये 80 ग्रॅम साखर घातली तर साधारण एक टक्का वाढतो, पण पहिल्या खेपेला साखर घालूच नका. मद्य वाढतं, सफरचंद मात्र मागे पडतं.

यीस्टचं 5 ग्रॅमचं पाकीट असेल तर अर्धं पुरतं. शॅम्पेनचं यीस्ट अगदी कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, सायडर देतं, एल बिअरच्या यीस्टमध्ये फळाचा वास जरा जास्त टिकतो. पावाच्या यीस्टनंही रस आंबतो, पण साका नीट बसत नाही आणि चवीत पावाचा वास राहतो. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे यीस्टचं खाद्य पाकिटावर दिलेल्या प्रमाणात सुरुवातीलाच घाला. ते नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. उपाशी यीस्ट तो वायू सोडतं. बहुधा तो आपोआप जातो, त्यासाठी बरणी ओतून देऊ नका.

पहिले चार-पाच दिवस बरणी गळ्यापर्यंत भरू नका. तपकिरी फेस वर चढतो, एअरलॉकमध्ये शिरतो आणि तो तुंबला की बूच उडतं. चार लिटरवर सुरू करा, उरलेला रस फ्रीजमध्ये ठेवा आणि फेस बसला की घाला. तापमान 16 ते 20 अंश उत्तम. 25 च्या वर गेलं तर घशाला जळजळणारी, थिनरसारखी चव येते आणि ती नंतर काढता येत नाही. खोली गरम असेल तर बरणी पाण्याच्या टबात ठेवा आणि भोवती ओला कपडा गुंडाळा.

दोन-तीन आठवड्यांनी नमुना काढा. तो आधी जोरात हलवून त्यातला वायू घालवा आणि हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवा. काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा, जास्त दिसतो. डोळे पातळीला आणून द्रव काचेपाशी वर चढून जो वक्र होतो त्याचा खालचा काठ वाचा. 1.000 किंवा त्याखाली, आणि तीन दिवसांनी पुन्हा तोच आकडा: मगच आंबणं संपलं. एअरलॉक गप्प असण्याचं कारण सैल बूचही असू शकतं.

मग नळीनं साक्यावरची सायडर दुसऱ्या बरणीत घ्या. नळीचं टोक तळाशी बुडालेलं हवं, खळखळ होता कामा नये. ही बरणी मात्र गळ्यापर्यंत भरा. वर हवा राहिली तर व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवं तेच मिळतं. महिनाभरात ती निवळते. या टप्प्यावर चाखली तर कोरडी आणि टोकदार आंबट लागेल. ती बिघडलेली नाही, दोन-तीन महिन्यांत तो आंबटपणा मवाळ होतो.

फसफस हवी असेल तर लिटरला 6 ग्रॅम साखर, म्हणजे साडेचार लिटरला 27 ग्रॅम. वजन करून थोड्या पाण्यात उकळा, गार करा, सगळ्या सायडरमध्ये हलक्या हातानं मिसळा आणि मग बाटल्या भरा. बाटलीगणिक चमच्यानं घातली की एक बाटली मुकी राहते, दुसरी उसळते. गोड हवी म्हणून जास्त साखर अजिबात घालू नका. यीस्ट तीही खातं, दाब वाढतो आणि काच फुटते, ती माणसाला जखमी करण्याइतक्या जोरात. गोडी लागलीच तर एरिथ्रिटॉल घाला, ते यीस्टला पचत नाही, किंवा पिताना पेल्यात गोड करा.

बाटल्या बिअरच्या किंवा शॅम्पेनच्या, दाब सोसणाऱ्याच घ्या. रसाच्या किंवा साध्या वाइनच्या काचेच्या बाटल्या नकोत. एक तरी बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरा. दाबून पाहा. दगडासारखी कडक लागली की वायू भरलेला आहे, सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. खोलीच्या तापमानात याला साधारण दोन आठवडे लागतात. ओतताना बाटली एकदाच तिरपी करा आणि साका गळ्याशी आला की थांबा, मधेच सरळ केली तर तो सगळा ढवळून निघतो.